चिल्लर नको म्हणणारे किनारे

‘दर्जेदार पर्यटक’ हा शब्द आपल्या गोव्यात आता इतका रुळला आहे की, मंत्र्यांचे भाषण असो की हॉटेलमालकांची परिषद, तो आल्याशिवाय कार्यक्रम आटोपत नाही. गोव्याला दर्जेदार पर्यटक हवा. तो कोण, हे कुणी नीट सांगत नाही. नको असलेला कोण, हे मात्र सर्वांना पक्के ठाऊक आहे. बेळगाव, कोल्हापूर, सावंतवाडीहून रात्रीच्या गाडीने येणारा, बरोबर डबे-भांडी आणि स्टोव्ह आणणारा, पोरांना पाण्यात सोडून स्वतः माडाच्या सावलीला चादर पसरणारा जो माणूस आहे, तो दर्जेदार नव्हे. २०१९ साली पर्यटनस्थळांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि उघड्यावर दारू पिणे, बाटल्या फोडणे यांच्याच पंक्तीला उघड्यावर स्वयंपाक करणे नेऊन बसवले गेले. तेव्हा दंड ठेवला दोन हजार रुपये. बाटली फोडणाऱ्याला दोन हजार काय, वीस हजार करा, माझी तक्रार नाही. कचरा टाकणाऱ्यालाही सोडू नका. पण वाळूत बाटली फोडणारा आणि पोरांसाठी भाताचे भांडे चढवणारा हे दोघे एका रांगेत कसे आले, हे मला अजून उमगलेले नाही.

मी पर्यटनातला जाणकार नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर, म्हापशात राहणारा, बँकेच्या काउंटरवर बावीस वर्षे काढलेला कारकून. पण आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच वर्षी कळते. बँक कुणावर चालते? केबिनमध्ये बसवून ज्याला चहा पाजला जातो त्याच्यावर नव्हे. शुक्रवारच्या बाजारात मिरच्या विकून संध्याकाळी पिग्मी एजंटच्या हातात पन्नास रुपये ठेवणाऱ्या बाईवर चालते. १९२८ साली ही पिग्मी ठेव सुरू झाली तेव्हा रोजचे दोन आणे गोळा करीत. बड्या खातेदाराने कर्ज बुडवले की आम्ही त्याला ‘अनुत्पादक मालमत्ता’ असे गोंडस नाव देतो. पिग्मीवाली कधी अनुत्पादक होत नाही. बड्या गिऱ्हाइकाच्या मागे धावून चिल्लरवाल्यांना दारातून परतवणाऱ्या बँकांचे पुढे काय झाले, ते मी इथे लिहीत नाही, कारण माझी नोकरी अजून बरीच शिल्लक आहे. किनाऱ्यांचे काय झाले ते लिहितो.

हौसेने समुद्रावर जाण्याची रीत रूढ केली इंग्रजांनी, आणि तीसुद्धा औषध म्हणून. अठराव्या शतकाच्या मध्यावर डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्राच्या पाण्याचे गुण सांगणारा ग्रंथ लिहिला आणि ब्रायटनला श्रीमंतांची रीघ लागली. मार्गेट गावी १७९१ साली गरीब रोग्यांसाठी समुद्रस्नानाचे रुग्णालयच निघाले. हे वाचताना मला माझी आजी आठवली. तिने कुठलाही ग्रंथ वाचला नव्हता, पण दर मे महिन्यात गुडघे धरून ती डिचोलीहून निघायची आणि कळंगुटला एका रांपणकाराच्या घरी खोली घेऊन राहायची. सात, नऊ किंवा अकरा न्हाणी, विषम संख्येतच. उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या सुंगटांची किसमूर, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा पाण्यात. आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांत ह्याला ‘मुदांस’ म्हणत, म्हणजे हवापालट. मडगावची बडी घराणी त्यासाठी कोलव्याला जात. हिंदू असो, ख्रिस्ती असो, मे महिन्यातला दर्या हा गोवेकराचा होता. पोर्तुगीज असतानाही होता, मुक्तीनंतरही बरीच वर्षे होता.

इंग्लंडात ह्या औषधाचा उत्सव झाला तो रेल्वेने आणि, सांगायला अभिमान वाटतो, बँकेच्या सुटीने. जॉन लबॉक नावाचा एक बँकर खासदार होता. त्याने १८७१ साली बँक हॉलिडेचा कायदा करून घेतला. सुटी बँकेची, पण त्या दिवशी सारे गावच आगगाडीत बसून समुद्रावर जाऊ लागले. आमच्या सुट्यांवरून टोमणे मारणाऱ्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावे.

ह्या सगळ्या गावांत थोर ठरले ब्लॅकपूल. त्याची पेढी लँकेशायरच्या सूतगिरण्यांत होती. तिथे प्रत्येक गिरणगाव उन्हाळ्यात आठवडाभर यंत्रे बंद ठेवी, त्याला ‘वेक्स वीक’ म्हणत. ह्या आठवड्यात ओल्डहॅम बंद, पुढच्या आठवड्यात दुसरे गाव. त्यामुळे ब्लॅकपूल सबंध उन्हाळा भरलेले. पगारी रजेचा कायदा यायला १९३८ साल उजाडले, म्हणजे तोवर बहुतेकांची ही सुटी बिनपगारी होती. मग पैसा कुठून येई? गिरणीत, मोहल्ल्यात ‘गोइंग-ऑफ क्लब’ असत. दर आठवड्याला काही पेन्स जमा करायचे आणि सुटीच्या आदल्या दिवशी सगळी रक्कम उचलायची. म्हणजे आपली पिग्मीच! १८९४ चा तो लोखंडी मनोरा, समुद्रात घुसलेले तीन धक्के, १८९६ साली सुरू झालेले ‘प्लेजर बीच’ हे करमणूक उद्यान, सारे ह्या पेन्सांवर उभे राहिले.

आणि हे लोक राहत कसे? आपल्या स्टोव्हवाल्यांना नाके मुरडणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. पुष्कळ गिरणी कामगार घरगुती खोलीत उतरत, शिधा आपला आपण आणत आणि घरमालकीण तो शिजवून देई. मीठ-मिरीच्या भांड्याचे भाडे ती वेगळे लावते, असा विनोद तिकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. वरच्या थरातले लोक ह्या गर्दीला हसत, तिच्या गोंगाटाला, कपड्यांना, खाण्याला नावे ठेवत. ब्लॅकपूलने हसणाऱ्यांकडे लक्ष दिले नाही. हिशेब त्याला कळत होता.

कुणी म्हणेल, मग ती गावे बुडाली का? उत्तर ठरलेले आहे, की स्पेनने बुडवली. १९६०-७० च्या दशकांत विमानाच्या स्वस्त पॅकेज सहली निघाल्या, हमखास उन्हाची खात्री मिळाली आणि इंग्रज कामगाराने आपल्या थंड, पावसाळी समुद्राकडे पाठ फिरवली. गिरण्या बंद पडल्या, वेक्स वीक गेले. रेल्वेनेही हात आखडता घेतला. ब्लॅकपूलचे सेंट्रल स्थानक १९६४ साली बंद झाले. हे सगळे खरे आहे, मी नाकारीत नाही. पण ही हकिकत अर्धी आहे. गिऱ्हाईक कमी झाल्यावर दुकानदाराने काय केले, ही उरलेली अर्धी.

मार्गेटचे उदाहरण घ्या. तिथे १९२० साली ‘ड्रीमलँड’ नावाचे उद्यान उघडले. त्यातली लाकडी ‘सीनिक रेल्वे’ इतकी जुनी, की गाडीला ब्रेक लावायला माणूस गाडीबरोबरच बसे. २००२ साली सरकारने तिला संरक्षित वास्तू ठरवले. दुसऱ्याच वर्षी उद्यान बंद करून ती मोक्याची जमीन दुसऱ्या कामाला लावण्याची भाषा सुरू झाली. गावकरी उभे राहिले. २००८ च्या एप्रिलमध्ये त्या रेल्वेला आग लावली गेली आणि तिचा मोठा भाग जळाला. पुढे नगर परिषदेने सक्तीचे भूसंपादन करून जागा ताब्यात घेतली, २०१५ साली उद्यान पुन्हा उघडले, वर्षभरात चालवणारी कंपनी अडचणीत आली. बंद करायला एक सही लागते, उघडायला बारा वर्षे लागली.

न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडची गोष्ट तर ह्याहून झणझणीत आहे. १९२० साली पाच सेंटच्या तिकिटात भुयारी रेल्वे तिथवर पोचली. सॉसेज घातलेला पावही पाच सेंटला. म्हणून त्याला पाच सेंटच्या नाण्याचे साम्राज्य म्हणत. रविवारी लाखोंची गर्दी. तिथले ‘स्टीपलचेस पार्क’ १८९७ पासून चालत आले होते, ते १९६४ च्या हंगामानंतर बंद झाले. पुढच्या वर्षी बिल्डर फ्रेड ट्रम्प (हो, तेच, हल्लीच्या राष्ट्राध्यक्षांचे वडील) यांनी ती जागा घेतली. त्यांना तिथे टोलेजंग सदनिका बांधायच्या होत्या. उद्यानाच्या दर्शनी काचेवर एक खदाखदा हसणारा चेहरा होता, गावाची ओळखच ती. १९६६ साली ट्रम्प यांनी पाडकामाची पार्टी दिली आणि पाहुण्यांच्या हाती विटा दिल्या, त्या काचेवर मारायला. करमणूक म्हणून! सदनिकांना परवानगी मिळाली नाही ती नाहीच. जागा अखेर महापालिकेला विकली गेली आणि २००१ साली बेसबॉलचे मैदान होईपर्यंत तिथे धड काही उभे राहिले नाही. पस्तीस वर्षे. हसणारा चेहरा फुटला आणि त्याच्या जागी काही आले नाही.

परंतु आपण गोवेकरांनी पाठ करून ठेवावे असे गाव तिसरेच आहे. अटलांटिक सिटी, राज्य न्यू जर्सी. फिलाडेल्फियाच्या कारकून-कामगारांचा हा समुद्र. १८७० साली वाळूवर लाकडी फळ्यांचा फिरण्याचा रस्ता बांधला, तो पुढे मैलोगणती वाढला. १८९८ चा ‘स्टील पिअर’ म्हणजे समुद्रावर बांधलेली जत्राच. तिथे उंच फळीवरून घोडा स्वारासकट पाण्याच्या हौदात उडी मारी. ‘मिस अमेरिका’ स्पर्धा १९२१ साली इथेच सुरू झाली. मोनोपॉली खेळातली मूळ रस्त्यांची नावे ह्याच गावची. १९३० च्या शिरगणतीत वस्ती सहासष्ट हजारांवर होती. युद्धानंतर विमाने आली, मोटारी आल्या, लोक फ्लोरिडाला जाऊ लागले, गावाला उतरती कळा लागली. मग कुणीतरी रामबाण उपाय सुचवला. कॅसिनो.

युक्तिवाद ओळखीचा वाटेल. रोजगार येईल. महसूल येईल. जुगाराच्या करातून वृद्धांना आणि अपंगांना मदत करू. गावाचा कायापालट होईल. १९७६ साली जनमत घेऊन फक्त ह्या एका गावाला परवानगी दिली आणि १९७८ साली पहिला कॅसिनो उघडला. रोजगार आला, हे मान्य केले पाहिजे. महसूल तर धो धो आला. २००६ साली कॅसिनोंची वर्षाची मिळकत पाच अब्ज डॉलरच्या वर गेली. पण कॅसिनो ही वस्तू गावासाठी बांधलेली नसते. आत घड्याळ नाही, खिडकी नाही, समुद्र दिसण्याची सोय नाही. गिऱ्हाईक मोटारीने आत शिरते, आतच खाते, आतच हरते आणि आतूनच परत जाते. बाहेरच्या फळ्यांच्या रस्त्यावर खारवलेले शेंगदाणे विकणाऱ्याला त्याचा काय उपयोग? स्टील पिअरच्या समोर १९९० साली एक राजवाडा उभा राहिला. नाव काय, तर ‘ताजमहाल’! पुढच्याच वर्षी त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला, २०१६ साली तो बंद पडला. आपल्या शहाजहानला निदान पैसे परत द्यायचे नव्हते.

पाच अब्जांच्या त्याच २००६ सालापासून शेजारच्या पेनसिल्व्हेनियात कॅसिनो उघडू लागले. जुगारी माणसाला समुद्राशी काय देणेघेणे? त्याला घराजवळचे टेबल मिळाले, तो तिकडे वळला. २०१४ ह्या एकाच वर्षात अटलांटिक सिटीतल्या बारापैकी चार कॅसिनोंना कुलपे लागली. त्यातला एक, ‘रेव्हल’, २०१२ साली सुमारे २४० कोटी डॉलर खर्चून उघडलेला होता. दोन वर्षांत बंद झाला आणि ८.२ कोटींना विकला गेला. कर्जखात्याच्या टेबलावर बसलेल्या कुणालाही हे दोन आकडे दाखवा, त्याच्या पोटात कळ येईल. २०१६ साली गावाचा कारभारच राज्य सरकारने आपल्या हाती घेतला. २०२० ची लोकसंख्या अडतीस हजार. कुटुंबे घेऊन येणारे गिऱ्हाईक पुन्हा मिळवायचे, तर त्याला सांगण्यासारखे गावाकडे फार थोडे उरले होते.

आता मांडवीकडे वळतो.

योगायोग पाहा. आपला सार्वजनिक जुगारविरोधी कायदाही १९७६ सालचाच. मूळ हेतू जुगार बंद करण्याचा. १९९२ साली त्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना वाट दिली, १९९६ साली किनाऱ्यापासून दूर असलेल्या जहाजांवर टेबले मांडायला वाट दिली. बंदीचा कायदा असा परवान्याचा झाला. आणि किनाऱ्यापासून दूर म्हणजे कुठे? आदिलशहाच्या राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर, नदीत. अर्धा डझन तरंगते कॅसिनो. हलवणार, हलवणार, ही घोषणा प्रत्येक रंगाच्या सरकारने केली आणि मुदतवाढीवर मुदतवाढ प्रत्येक रंगाच्या सरकारने दिली. ह्यात पक्षभेद करायचा मला कंटाळा येतो. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना ह्या कॅसिनोंत प्रवेशबंदी आहे. उत्तम झाले, मी त्या निर्णयाच्या विरोधात नाही. पण त्याचा अर्थ काय होतो, ते तरी उघड बोला. जे आपल्या पोराच्या हातात पडू नये म्हणून दाराशी पहारा ठेवायचा, तेच राजधानीच्या तोंडावर रोषणाई करून जगाला विकायचे. ज्या बांदोडकर मार्गावर पणजीकर संध्याकाळी पाय मोकळे करायला जात, तिथे आता त्यांच्याच नदीवर त्यांना मज्जाव असलेले दिवे आहेत.

महसुलाचे काय, असे विचारणारे असतात. त्यांना मी पेनसिल्व्हेनिया सांगतो. महाराष्ट्रानेही १९७६ सालीच कॅसिनोचा कायदा करून ठेवला होता. तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ साली रद्द केला, ही आपल्या नशिबाची गोष्ट. उद्या शेजारच्या एखाद्या सरकारची तिजोरी रिकामी झाली आणि त्याने मन बदलले, तर मांडवीतली जहाजे किती दिवस भरतील? २०२५ साली कोनी आयलंडला कॅसिनो आणण्याचा प्रस्ताव होता. स्थानिक समितीने तो फेटाळला. विटा खाल्लेले गाव शहाणे होते.

कॅसिनो पणजीत, पण दर्जेदारपणाचा रोग सगळ्या बार्देसभर आहे. १९८० च्या दशकात चार्टर विमाने उतरू लागली तेव्हा काही गोवेकरांनी शेण घेऊन निषेध केला होता. त्यांना आपण वेडे म्हटले. पुढची तीस वर्षे सगळे धोरण त्या गोऱ्या पाहुण्याभोवती फिरले. २०१९ च्या सप्टेंबरात थॉमस कूक ही ब्रिटिश कंपनी कोसळली, पाठोपाठ महामारी आली. २०१९ साली नऊ लाखांवर आलेले विदेशी पाहुणे २०२३ साली साडेचार लाखांच्या आसपास उरले. देशी पाहुणे कोटीच्या घरात. म्हणजे किनारा आज कोण जगवतो? हाच, डबे आणणारा. आणि आपण अजून त्याच्याकडे नाक मुरडून दाराबाहेर बघतो आहोत, कुणी दर्जेदार येतो का म्हणून.

२०२५ च्या डिसेंबरात हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागून पंचवीस माणसे गेली. त्यातली बहुतेक पाहुणे नव्हती, तिथे राबणारी होती. तेव्हा मला आयल ऑफ मॅन बेटावरचे ‘समरलँड’ आठवले. स्पेनला जाणारे गिऱ्हाईक अडवायचे म्हणून डग्लस गावच्या समुद्रावर १९७१ साली ही झगमगीत बंदिस्त करमणूक नगरी बांधली, भिंती-छपराला पारदर्शक प्लॅस्टिक लावले. २ ऑगस्ट १९७३ च्या आगीत पन्नास माणसे मेली. बाहेर पडायच्या काही दारांना कुलपे होती. जुन्या लाकडी धक्क्यांना आणि जत्रेच्या पाळण्यांनाही आगी लागतच. पण उघड्या वाळूवर माणसाला पळायला चार दिशा असतात.

गेल्या मे महिन्यात आईने हट्ट धरला, की मरण्याआधी एकदा खाऱ्या पाण्याची न्हाणी करायची आहेत. वय शहात्तर. गुडघे तिच्या आईसारखेच. म्हटले, म्हापशाहून अर्ध्या तासावर दर्या, त्यात काय अवघड आहे? गाडी लावायचे पैसे दिले. सावलीत आईला बसवावे म्हणून पाहिले, तर सगळी सावली शॅकवाल्यांच्या पलंगांखाली गेलेली. एका पोऱ्याने, बिचारा त्याचे काम करीत होता, हिंदीत विचारले, “कहाँ से आये हो?” आणि सांगितले, की बसायचे तर ऑर्डर द्यावी लागेल. आई म्हणाली, “मी डिचोलीची.” त्याला डिचोली माहीत नव्हती. स्नान झाले, एक विषम संख्या कशीबशी पुरी झाली. कपडे बदलायची खोली बंद होती. शेवटी सौ.ने आणि मुलीने गाडीच्या आडोशाला चादर धरली आणि शहात्तर वर्षांच्या बाईने तिच्या स्वतःच्या तालुक्याशेजारच्या किनाऱ्यावर चादरीमागे लुगडे बदलले. घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. दुसऱ्या न्हाणाचा विषय तिनेही काढला नाही आणि मीही काढला नाही.

राग सरकारवर आहेच. पण जमाखर्च लिहायचा तर दोन्ही बाजू लिहाव्या लागतात. इंग्रजी किनारे पहिल्यांदा सोडले ते तिथल्याच माणसांनी. आपण काय केले? मी स्वतः एल.एफ.सी. घेऊन केरळ, मनाली, उटी पाहून आलो आणि वीस वर्षांत आईला एकदाही अकरा दिवस दर्यावर ठेवले नाही. आपल्यातल्या किती जणांनी किनाऱ्याजवळची बागायत विकली आणि आज तिथे उभ्या असलेल्या भिंतीला शिव्या देतो? आपल्या घरांत ‘समुद्रावर काय जायचे, तिकडे सगळे बाहेरचे’ असे म्हणणे मोठेपणाचे झाले आहे. रिकामी खुर्ची दिसली की दुसरा बसणारच. बोडगेश्वराची जत्रा अजून आपली आहे, कारण आपण तिथे जातो. पाळण्यात बसतो, खाजे घेतो, भांडतो, गर्दीला नावे ठेवतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा जातो.

ब्लॅकपूल सुखी आहे असे मी म्हणत नाही. जुन्या खोल्यांत गरिबी साचली. २०१९ च्या इंग्लंडच्या सरकारी मोजणीत वंचित भागांत ते पहिल्या क्रमांकावर होते. २००७ साली त्यालाही मोठा कॅसिनो हवा होता, मिळाला नाही म्हणून गाव रडले. तरी ते पूर्ण मेले नाही ह्याचे कारण शोधावे. ट्राम १८८५ पासून चालू आहे. हिवाळ्याच्या तोंडावर किनाऱ्यावर मैलोगणती दिव्यांची रोषणाई होते, ती पाहायला तिकीट नाही. २०१० साली मनोरा आणि विंटर गार्डन्स विक्रीला निघाली तेव्हा नगर परिषदेने ती विकत घेतली, बिल्डरच्या हाती जाऊ दिली नाहीत. पेन्सवाल्याला दार बंद केले नाही.

आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीला मी लेखी पत्र दिले आहे. त्यात तीन गोष्टी आहेत. मांडवीतल्या परवान्यांना यापुढे मुदतवाढ नको, असा ठराव सर्वसाधारण सभेत करून तो आपल्या आमदारांच्या हाती प्रत्यक्ष द्यावा, टपालाने नव्हे. किनाऱ्याच्या गावांतल्या आपल्या सभासदांनी ग्रामसभेत उभे राहून गोड्या पाण्याचा नळ, बायकांसाठी कपडे बदलायची बिनपैशाची खोली आणि विनाऑर्डर बसायची सावली मागावी. खर्च फार नाही, मी अंदाजपत्रक करून देईन. आणि येत्या मे महिन्यात मंडळातर्फे समुद्रस्नानाची सहल काढावी, एक दिवसाची नव्हे, पाच दिवसांची, विषम संख्येची. आसपासच्या रांपणकारांकडे खोल्यांची चौकशी मी करतो आहे. आईचे नाव यादीत पहिले आहे. ज्यांना यायचे त्यांनी एप्रिलच्या पंधरा तारखेच्या आत मंडळाच्या कार्यालयात नावे द्यावीत, म्हणजे बस एक करायची की दोन ते ठरवता येईल. स्टोव्ह मात्र खोलीतच पेटवायचा; दंडाची पावती फाडून घेण्याची माझी ऐपत नाही.